पहिल्या रेघेचा हक्क

मी, एदेलमिरा सान्दोवाल, कै. रुफिनो बास्त्यास यांची विधवा, टेलिफोन ऑपरेटर (निवृत्त), राहणार कोल्को, नेउकेन प्रांत, पूर्ण शुद्धीत, डोकं ठिकाणावर असताना, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते की,

इथेच थांबते. पहिल्याच वाक्यात खोटं नको. दडपण आहे. माझी एकुलती एक मुलगी नोएमी हिने माझे बर्फावरचे बूट तिच्या शहरातल्या घरी कपाटात कुलूपबंद करून ठेवले आहेत. या कागदावर सही झाली असा नोटरीबाईंचा फोन गेला, तरच ती उद्या सकाळी बूट घेऊन निघेल. सहा तासांचा रस्ता आहे. आमच्याकडे हिवाळा जूनमध्ये येतो, आणि परवा, शनिवारी, आमचा मोरो डोंगर बर्फाच्या हंगामासाठी उघडतो. तेव्हा स्वखुशीने हा शब्द मी ठेवते, कारण शनिवारी मला डोंगरावर जायचं आहे ही माझीच खुशी आहे. दडपणाचं वाक्य मात्र खोडावं.

जन्मतारीख खरं तर इथे यायला हवी. ती सहाव्या कलमात येईल. ते कलम वाचलं गेल्यावर डोंगर मला कायमचा बंद होऊ शकतो हे मला ठाऊक आहे, आणि तरी मी ते लिहिलं आहे. डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे आता ज्याने त्याने ठरवावं.

हा मजकूर मी तीन दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःच्या हाताने लिहिला. आज नोटरी उर्रुतियाबाई त्यांच्या कचेरीत तो दोन साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचतील. मध्ये कोणी बोललं तर तेही मी लिहून घेणार. बाई म्हणाल्या, "अशी पद्धत नाही." मी म्हटलं, "मरायची तरी कुठे पद्धत असते, बाई? ज्याला जसं जमतं तसा तो मरतो." त्या हसल्या नाहीत, पण जास्तीचे कागद दिले.

साक्षीदार पहिले, एवारिस्तो फुर्लान, आमच्या बर्फ क्लबचे अध्यक्ष. अख्खा गाव त्यांना मास्तर म्हणतो, कारण स्नोबोर्ड नुसता घसरवायचा नसतो, कडेवर उभा करून बर्फ कापत न्यायचा असतो, हे इथे त्यांनीच शिकवलं. साक्षीदार दुसरा, ओरासिओ पाइनेमिल, जो यंत्राने बर्फ दाबून आम्हाला उतार तयार करून देतो. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही ठेवता येत नाही असा कायदा आहे. तेव्हा मास्तरांना माझ्याकडून काही मिळणार नाही. बरंच आहे.

कलम पहिले. राहतं घर, मागच्या शेडसह, नोएमीला. कायद्यानेही बहुतेक सगळं तिचंच आहे, मी काही मोठं औदार्य करत नाही. विकायचं तर विकावं, पण घेणाऱ्याला सांगावं की स्वयंपाकघराची खिडकी डोंगराकडे उघडते आणि तिथे बसून कसलंही काम होत नाही. हेच कलम लिहिताना मी चार वेळा उठले. काल दुपारी वारा फिरला, पश्चिमेकडून ढग चढला, आणि मी पेन तसंच टाकून चपलांवर अंगणात गेले. परत आले तेव्हा येर्बाच्या चहाचं पाणी गार झालं होतं आणि वाक्य कुठे चाललं होतं ते आठवेना.

मी तीस वर्षं या गावाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये खुर्चीला खिळून बसले. लोकांची भांडणं, सोयरिकी, मयतं, सगळं जोडून दिलं. रुफिनोची बेकरी होती. भला माणूस. तो म्हणायचा, "डोंगर बघायला असतो, घसरायला नसतो." तो दोन हजार सहा साली गेला. सहा महिने मी त्या खिडकीत बसले. मग पाय शिवशिवायला लागले, ते आजतागायत थांबलेले नाहीत.

कलम दुसरे. शेडमधला निळा स्नोबोर्ड नोएमीच्या पहिल्या नवऱ्याचा, लेओनेलचा. नवरा गेला, बोर्ड राहिला. तो त्याला परत द्यावा आणि सांगावं की तुझ्या संसारातली तेवढीच वस्तू आमच्या घराच्या उपयोगी पडली. त्याच बोर्डावर मी पहिल्यांदा उभी राहिले. त्या दिवशी मी एकेचाळीस वेळा पडले. बसून पडले, तोंडावर पडले, एकदा तर रांगेत नुसती उभी असताना पडले, आणि पडता पडता एका अनोळखी गृहस्थाला सोबत घेतलं.

अंग ठेचून निघालं होतं. शेवटचं एकदा वर जाऊन यावं म्हणून लिफ्टच्या खुर्चीत बसले आणि खाली पाहिलं. बाकी सगळे बर्फ खरवडत खाली येत होते. आणि एक माणूस जवळजवळ आडवा झालेला, हात बर्फाला टेकेल एवढा, एक बारीक रेघ ओढत चालला होता. बर्फ उडत नव्हता. जाड कापडातून कात्री फिरावी तेवढाच आवाज. मी मनाशी म्हटलं, हे मला पाहिजे. आयुष्यात दुसऱ्या कशाबद्दल मी असं म्हटल्याचं आठवत नाही. रुफिनोबद्दलसुद्धा नाही, देवाशपथ.

कलम तिसरे. माझा लांब बोर्ड, कड घासायच्या तीन कानशी, मेणाची इस्त्री आणि शेडमधलं कामाचं टेबल. हे सगळं पन्नाशी उलटल्यावर शिकायला येईल त्याच्यासाठी क्लबच्या खोलीत ठेवावं. बोर्ड भिंतीवर टांगू नये. माझा फोटो लावून त्याखाली तर मुळीच टांगू नये. तो चालवावा, आणि चालवल्यावर कड पुसून ठेवावी, गंज धरतो.

जो कोणी येईल त्याला चार गोष्टी सांगून ठेवते, कारण तरुण शिक्षकांना त्या माहीत नसतात. कडक बूट चढवायला अकरा मिनिटं लागतात, आणि चढवून झाल्यावर लघवीला जावंसं वाटतं. आधीच जाऊन यावं. गुडघा सकाळी वेगळा असतो आणि दुपारी वेगळा. चार फेऱ्या झाल्या की पाचवीचा मोह आवरावा. माझी सगळी मोडतोड पाचव्या फेरीची आहे. जोराने काही होत नाही. तरुण पोरं जोर लावतात आणि घसरतात. आपल्याकडे जोर नसतो, म्हणून आपण थांबतो. कड बर्फात रुतेपर्यंत वाट बघतो, आणि ती रुतली की सगळ्या अंगाचं वजन दुप्पट होऊन खाली दाबतं आणि तरी आपण पडत नाही. ते तीन सेकंद कोणी हात धरलेला नसतो, कोणी विचारत नाही की गोळ्या घेतल्या का. चवड्यांवरचं वळण म्हातारपणीही सोपं जातं. टाचांवरचं वळण अवघड, कारण तेव्हा पाठ चढाकडे असते आणि मागून कोण येतंय ते दिसत नाही. त्याची भीती जात नाही. अठरा वर्षांत माझी गेलेली नाही.

(वाचनाच्या वेळची नोंद. इथे मास्तर म्हणाले, "टाचांवर तू अजून पुढे वाकतेस." मी म्हटलं, "साक्षीदाराने साक्ष द्यावी, शिकवणी घेऊ नये." उर्रुतियाबाईंनी दोघांनाही गप्प राहायला सांगितलं.)

कलम चौथे. माझा काळा लोकरीचा साडेतीन बटणांचा झगा नणंद हेर्मिनिया हिला. चौथं बटण अर्धं आहे. रुफिनोच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना संपवून मी डोंगरावर गेले तेव्हा चर्चच्या दारात सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "भावाची माती ओली आहे आणि ही बाई पोरांसारखी फळीवर नाचतेय." त्या दिवशी मी तिला उत्तर दिलं नाही. आता देते. तुझ्या भावाने मरताना माझा हात धरून म्हटलं होतं, "तू घरात कुजू नकोस." मी कुजले नाही. झगा तुला घट्ट होईल, सैल करून घे.

कलम पाचवे. हे कलम मास्तरांविषयी आहे, आणि ते समोर बसून ऐकत आहेत हे मला माहीत आहे.

मागच्या ऑगस्टमध्ये मी टाचांवरच्या वळणात असताना एक पाहुणा मागून सुसाट आला आणि माझ्यावर आदळला. मनगट मोडलं, आणि थोडा वेळ मला माझं नाव आठवेना. मी नोएमीला फोनवर सांगितलं की दार लागलं. खपून गेलं असतं. पण मास्तरांनी मला न विचारता तिला फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन दारात.

"दार लागलं का, आई? कुठलं दार? ताशी साठ किलोमीटरने येणारं?"

"कोणी सांगितलं तुला?"

"ज्याला तुझी काळजी आहे त्याने. मी सहा तास गाडी चालवत आले. सहा तास मला वाटत होतं की पोचेपर्यंत तू नसशील. हे काय असतं ते तुला माहीत आहे?"

मी म्हटलं, "मग मी काय करू? खिडकीत बसू?" ती म्हणाली, "बस. लोक बसतात." मग स्वतःच रडायला लागली, आणि रडत रडत माझे बूट पिशवीत भरले. जाताना दारात वळून म्हणाली, "तुला जायचंच असेल तर मी अडवू शकत नाही. पण तू पडलीस तर मी काय करायचं, तुला कुठे ठेवायचं, काय कोणाला द्यायचं, ते लिहून ठेव. ते लिहिल्याशिवाय बूट मिळणार नाहीत."

म्हणून हे लिहिते आहे. पोरीचं चुकलं असं मी म्हणत नाही. तिची भीती खरी आहे, आणि माझ्याकडे तिच्यावर औषध नाही. पण मास्तरांना मी दहा महिने क्षमा केलेली नाही. त्यांच्याशी बोलले, त्यांच्या घरचा केक खाल्ला, क्षमा नाही केली. या कलमाने करते. अट एकच, त्यांनी कबूल करावं की विचारायला हवं होतं.

(नोंद. मास्तर म्हणाले, "पुन्हा तसं झालं तर पुन्हा फोन करीन." मी म्हटलं, "ते नाही विचारलं." ते म्हणाले, "विचारायला हवं होतं." ओरासिओने हे ऐकलं आहे.)

कलम सहावे. जन्मतारीख.

आम्ही कडेवाले नऊ जण. आमच्यात एक रीत आहे. उतार नुकताच दाबलेला असतो, त्यावर एकही खूण नसते, तेव्हा पहिली रेघ आमच्यातल्या वयाने सर्वांत मोठ्या माणसाने ओढायची. ती ओढून खाली पोचेपर्यंत बाकीचे वर उभे राहतात. तरुणांना हा नुसता मान वाटतो. म्हातारे गुडघे घेऊन चालवणाऱ्याला विचारा. दुसऱ्याच्या रेघांवर कड अडखळते आणि प्रत्येक दणका थेट हाडात जातो. कोऱ्या बर्फावर तसं होत नाही. रीत मास्तरांनीच घातली, आणि ती पहिली रेघ आजवर तेच ओढत आले आहेत.

मी क्लबात नाव घालायला गेले ते दोन हजार सात साली. शिकायला येणाऱ्याचं वय पंचावन्नच्या वर नसावं अशी अट होती. हीही मास्तरांचीच. अट घातली तेव्हा ते स्वतः पंचावन्नचे होते, त्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. वही पुढे करून त्यांनी विचारलं, "वय?" मी म्हटलं, "बावन्न." त्यांनी कागद मागितले नाहीत. लिहून घेतलं.

एकदा खोटं बोललं की मग त्याचे वाढदिवस करत बसावे लागतात. क्लबाने माझी साठी केली तेव्हा मी पासष्टची होते. केकवरचे आकडे बघून मला रडू आलं, आणि सगळ्यांना वाटलं आनंदाने. नोएमीला अर्थातच माझं वय माहीत आहे, पण तिने ते क्लबात कधी सांगितलं नाही. कोणी काय लपवावं याबाबत ती मास्तरांपेक्षा शहाणी निघाली.

माझी खरी जन्मतारीख नऊ मार्च एकोणीसशे पन्नास. आज मी पंचाहत्तर वर्षांची आहे. मास्तरांचा जन्म ऑगस्ट एकावन्नचा. क्लबाच्या नियमाप्रमाणे पंचाहत्तर पूर्ण झालेल्याने क्लबाच्या डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय लिफ्टवर बसायचं नाही. माझ्या उजव्या गुडघ्याला ती चिठ्ठी मिळणार नाही.

(नोंद. उर्रुतियाबाई तारीख वाचून थांबल्या. मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पन्नास?" ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे तू माझ्याहून मोठी."

"सतरा महिन्यांनी."

"आणि अठरा वर्षं मी तुझ्या डोळ्यांदेखत तुझी रेघ ओढत आलो."

"हो, मास्तर."

"आणि तू नुसती बघत राहिलीस."

"नुसती कशाला, चुका मोजत होते."

ओरासिओला हसू आवरेना. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "आता तुला अहो-जाहो करायचं का मी?"

"नको. या वयात तुमची सवय बिघडेल."

"थट्टा नको, एदेलमिरा. दुसरा साक्षीदार मिळाला असता तुला. बेकरीतली कोणी आली असती. क्लबाची वही माझ्याकडे असते हे तुला माहीत आहे. मी आजपर्यंत कोणासाठी नियम वाकवला नाही, हेही माहीत आहे. मग माझ्यासमोर कशाला वाचून घेतलंस?"

मी म्हटलं, "मागच्या वर्षी बर्फात पडून होते, नाव आठवत नव्हतं, तेव्हा साल मात्र आठवत होतं. एकच विचार आला. मी मेले तर कबरीच्या दगडावर खरं साल लिहितील, तुम्ही ते वाचाल, आणि मी तुमच्याशी भांडायला तिथे नसेन. ते मला सोसलं नसतं."

मास्तर उठले. "मी जरा बाहेर जाऊन येतो." उर्रुतियाबाई म्हणाल्या, "साक्षीदार मध्येच बाहेर गेला तर सगळं पहिल्यापासून वाचावं लागेल." मास्तर दाराची कडी धरून उभे राहिले. मला बसवेना, मीही उभी राहिले. बाहेर बर्फ भुरभुरायला लागला होता आणि तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. शेवटी ते परत येऊन बसले आणि म्हणाले, "पुढचं वाचा.")

या कलमाने मी मास्तरांना काही ठेवत नाही, कायद्याने ठेवता येत नाही. जे ठेवायचं होतं ते, पहिल्या रेघेचा हक्क, अठरा वर्षं देऊन झालेलं आहे. सुरुवातीला ते भीतीने दिलं, वही बाहेर येईल म्हणून. नंतर भीतीने नाही. त्यांची बायको गेली त्या हंगामात ते महिनाभर कोणाशी बोलत नव्हते, पण सकाळी पहिल्या रेघेला हजर असायचे. ती मागून घ्यायला माझी जीभ उचलली नाही. पण मला ती हवी होती, हे आज सांगते. प्रत्येक सकाळी हवी होती. खाली पसरलेला कोरा उतार आणि पाठीमागे कोणी नाही. निदान एकदा टाचांवरचं वळण मान न वळवता घ्यायचं होतं.

कलम सातवे. माझी राख डोंगरावर उधळू नये. लोक हौसेने असं करतात. राख पडली की बर्फ तिथे आधी वितळतो आणि उतार ओरासिओला पुन्हा दाबावा लागतो. मला गावातल्या कबरस्तानात रुफिनोशेजारी पुरावं. दगडावर खरं साल घालावं, आता ज्याच्यापासून लपवावं असं कोणी उरलेलं नाही. मयताला आलेल्या माणसांना मटण भाजून घालावं आणि हेर्मिनियाला चांगला तुकडा द्यावा.

नोएमी, तुला वेगळं लिहिते. काय कोणाला द्यायचं आणि मला कुठे ठेवायचं, हे तू विचारलंस, ते वर आहे. मी पडले तर तू काय करायचंस, हेही विचारलंस. त्याचं उत्तर तीन दिवस शोधलं, सापडलं नाही. मला तुझ्या बापासारखं अंथरुणात जायचं नाही, आणि तुला सहा तास तसं गाडी चालवायला लावायचं नाही. दोन्ही एकदम जमत नाही. मास्तरांनी नियम लावला तर यापुढे मी जाणार नाही. तुला हवं होतं तेच होईल, आणि मी खिडकीत बसेन, आणि तू फोन केलास की चांगलं बोलेन. तरी बूट घेऊन ये. घालता आले नाहीत तरी ते माझ्या घरात हवेत.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे, त्यातलं एकही कलम मागे घेत नाही. दडपणाचं वाक्य खोडलं आहे. खाडाखोडीवर आद्याक्षरं केली आहेत.

लिहून देणार :
एदेलमिरा सान्दोवाल, वय ७५

नोटरी :
मार्सेला उर्रुतिया. मध्यंतरीच्या संभाषणाच्या नोंदी लिहून देणारीच्या आग्रहावरून ठेवल्या आहेत. मुलीस फोन करण्याचे काम आजच करीत आहे.

साक्षीदार :
ओरासिओ पाइनेमिल, वय ४४. सगळं ऐकलं. शनिवारी उतार सातला तयार असेल.

एवारिस्तो फुर्लान, वय ७३. सगळं ऐकलं. सहीखाली लिहायची पद्धत नाही असं बाई म्हणतात, तरी लिहितो. क्लबाच्या वहीतलं वय दुरुस्त करणं माझं काम आहे आणि मी ते करणार. क्लबाची कचेरी सोमवारी उघडते. शनिवारी पहिली रेघ एदेलमिराची. मी वरच्या टोकाला दोन्ही हात पसरून उभा राहीन. ती खाली पोचेपर्यंत मागून कोणी येणार नाही. तिने मागे बघू नये.

कोल्को, नेउकेन प्रांत
गुरुवार, २६ जून २०२५